‘सरप्राइझिंगली’ : इंग्रजीतील आश्चर्य दाखविणारे शब्द

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



वार्षिक समारंभात भाषणाला उभा राहणारा माणूस सहसा मोठा विषय घेऊन येतो. शिक्षणाचे महत्त्व, समाजाची प्रगती, तरुण पिढीचे कर्तव्य असे विषय या व्यासपीठाला सवयीचे आहेत. मी मात्र आज अगदी लहान विषय घेऊन उभा आहे. इंग्रजीतला एक शब्द आणि त्याची चारदोन भावंडे, एवढ्याबद्दलच मला बोलायचे आहे. शब्द आहे ‘सरप्राइझिंगली’. व्याकरणाच्या भाषेत हे क्रियाविशेषण. व्याकरण म्हटले की मागच्या बाकांवर जांभया सुरू होतात याची मला कल्पना आहे. इतकी वर्षे वर्गात काढल्यावर त्या मला न बघताही ऐकू येतात. तरीही हा विषय मी निवडला, याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे आपल्या मुलांच्या निबंधांत हा शब्द फार वेळा येतो आणि बहुतेक वेळा चुकीच्या जागी येतो. दुसरे कारण असे की हाच शब्द कोणी आपल्याबद्दल वापरला तर तो कुठेतरी बोचतो, आणि का बोचला हे आपल्याला नेमके सांगता येत नाही. ते सांगता यावे, एवढाच आजचा हेतू.

प्रथम चूक पाहू. मराठीत आपण म्हणतो, ‘आईने त्याच्याकडे आश्चर्याने पाहिले.’ मुलगा शब्दकोश उघडतो, ‘आश्चर्य’ म्हणजे ‘सरप्राइज’ हे त्याला मिळते, आणि तो लिहितो, ‘द मदर लुक्ड ॲट हिम सरप्राइझिंगली.’ शिक्षक लाल शाईने खूण करतात. मुलाला वाटते, स्पेलिंग चुकले असेल. स्पेलिंग बरोबर असते. चुकलेला असतो आश्चर्याचा मालक. मराठीतल्या ‘आश्चर्याने’ या शब्दात आश्चर्य आईच्या मनात आहे. इंग्रजीतल्या ‘सरप्राइझिंगली’ मध्ये ते आईच्या मनात नसते, ते वाक्य सांगणाऱ्याच्या मनात असते. ती आईची नजर आहे आणि आश्चर्य आईला वाटले आहे, म्हणून इंग्रजीत म्हणायचे ‘इन सरप्राइज’: ‘द मदर लुक्ड ॲट हिम इन सरप्राइज.’ आश्चर्य जास्त असेल तर ‘इन ॲस्टॉनिशमेंट’ किंवा ‘इन अमेझमेंट’.

मग ‘सरप्राइझिंगली’ला मराठीत काय म्हणायचे? ‘आश्चर्याची गोष्ट अशी की’, किंवा ‘नवल म्हणजे’. मी मुलांना एक सोपी खूण सांगतो. आपले वाक्य आधी मराठीत म्हणून पाहा. वाक्याच्या सुरुवातीला ‘आश्चर्याची गोष्ट अशी की’ हे शब्द बसत असतील तर ‘सरप्राइझिंगली’ चालेल. ‘आश्चर्याने’ हा शब्द क्रियापदाला चिकटून बसला असेल, आश्चर्याने विचारले, आश्चर्याने थांबला, आश्चर्याने डोळे मोठे केले, तर तिथे ‘इन सरप्राइज’. ‘आज आश्चर्याची गोष्ट अशी की एस.टी. वेळेवर आली.’ इथे एस.टी.ला काही वाटलेले नाही, जे वाटले ते आपल्याला. म्हणून ‘सरप्राइझिंगली, द बस केम ऑन टाइम.’

याच घोटाळ्याचा सख्खा भाऊ म्हणजे ‘आय ॲम सरप्राइझिंग’. म्हणायचे असते ‘मला आश्चर्य वाटले’, आणि होते ‘मी आश्चर्य वाटण्याजोगा आहे’. तिथे ‘सरप्राइज्ड’ पाहिजे. स्पेलिंगचे म्हणाल तर या शब्दात दोन ‘आर’ आहेत आणि पहिला ‘आर’ इंग्रजांच्या उच्चारात ऐकू येत नाही, म्हणून मुले तो लिहायला विसरतात. उलट ‘झ’ ऐकू येतो तिथे ‘झेड’ लिहायचे नाही, ‘एस’ लिहायचे. एवढे पाठ करून टाका.

एक गोष्ट आणखी ध्यानात घ्या. आश्चर्य जेव्हा खरोखर तोंडातून बाहेर पडते, तेव्हा ते क्रियाविशेषण नसते. कोणी ‘अरे बापरे’ म्हणतो, कोणी ‘तोबा तोबा’ म्हणतो, कोणी नुसताच आ वासतो. 1865 साली निघालेल्या लुईस कॅरोलच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ या पुस्तकात ॲलिसला इतके आश्चर्य वाटते की ती एका विशेषणाचे तरतम रूप चुकवते, आणि क्षणभर ती शुद्ध इंग्रजी विसरली असे लेखक स्वतःच सांगतो. आश्चर्याच्या क्षणी माणसाचे व्याकरण असे सुटते. ‘सरप्राइझिंगली’ म्हणणारा माणूस त्या क्षणाच्या पुढे गेलेला असतो. तो शांतपणे सांगत असतो की माझी अपेक्षा एक होती आणि घडले दुसरे. हा ‘अपेक्षा’ शब्द मनात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता जागेचा प्रश्न. इंग्रजीत हे शब्द वाक्यात कुठे बसतात त्यावर अर्थ फिरतो. ‘ही बिहेव्ह्ड स्ट्रेंजली’ म्हणजे तो विचित्र वागला. हाच ‘स्ट्रेंजली’ पुढे आणा आणि त्यानंतर स्वल्पविराम द्या: ‘स्ट्रेंजली, ही बिहेव्ह्ड.’ आता अर्थ झाला, नवल म्हणजे तो नीट वागला! पहिल्या वाक्यात मुलगा वाह्यात आहे. दुसऱ्यात तो शहाण्यासारखा बसला आणि मास्तर थक्क झाले. शब्द तेच, फक्त जागा आणि स्वल्पविराम. वक्तृत्व स्पर्धेत धापा टाकत वाचणाऱ्या मुलांनी तो स्वल्पविराम श्वास घेण्यासाठी तरी वापरावा.

‘सरप्राइझिंगली’ची अशीच दोन बिऱ्हाडे आहेत. ‘सरप्राइझिंगली, द पेपर वॉज ईझी’ म्हणजे पेपर सोपा निघाला हेच नवल, आपण अवघड धरून चाललो होतो. ‘द पेपर वॉज सरप्राइझिंगली ईझी’ म्हणजे पेपर आपण धरला होता त्यापेक्षा सोपा होता, नवल त्याच्या सोपेपणाच्या मापाचे आहे. फरक बारीक आहे, पण दुसऱ्या वाक्यात ‘सरप्राइझिंगली’ विशेषणाला जाऊन चिकटते, आणि ते विशेषण माणसाला लावलेले असले की काय होते ते आपण पुढे पाहू.

आता भावंडांकडे वळतो. बाजारात मिळणाऱ्या गाईडांत समानार्थी शब्दांची एक यादी असते. ‘सरप्राइझिंगली’, मग बरोबरचे चिन्ह, मग ‘ॲस्टॉनिशिंगली’, ‘अमेझिंगली’, ‘स्ट्रेंजली’, ‘इनक्रेडिबली’, ‘सडनली’. जणू काही हे सगळे एकाच मापाचे जोडे आहेत, हवा तो पायात घाला. त्या बरोबरच्या चिन्हाइतके नुकसान इंग्रजी शिकणाऱ्याचे दुसऱ्या कशाने होत नसेल. ज्या डॉक्टर पीटर मार्क रोजे यांनी इंग्रजीतला शब्दांचा सर्वांत प्रसिद्ध खजिना तयार केला, त्यांचे पुस्तक 1852 साली, त्यांच्या वयाच्या 73 व्या वर्षी निघाले. त्याचे नाव ‘थिसॉरस’, ग्रीक भाषेत खजिनाच. त्यात एक हजार विभागांत शब्द मांडले होते. पण शब्दांचे अर्थ दिलेले नव्हते. ते पुस्तक ज्याला अर्थ आधीच माहीत आहेत आणि नेमका शब्द आठवत नाही अशा माणसासाठी होते. नवशिक्याच्या हातात नुसती यादी देणे म्हणजे औषधांच्या दुकानाची किल्ली देण्यासारखे आहे. विद्यार्थ्यासाठी वेगळा कोश लागतो, ज्यात प्रत्येक शब्दाबरोबर वाक्य असते. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना असा कोश सहकाऱ्यांबरोबर रचला. तो 1942 साली जपानमध्ये आणि 1948 साली ऑक्सफर्डकडून प्रसिद्ध झाला. आज त्याच्या पुढच्या आवृत्त्या ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ या नावाने सर्वत्र मिळतात. पालकहो, मुलाला दहा गाईडे घेऊन देण्यापेक्षा असा एक कोश घेऊन द्या. जुनी आवृत्ती मिळाली तरी हरकत नाही.

तर या शब्दांची मूळ घरे पाहू, म्हणजे स्वभाव कळेल. ‘सरप्राइज’ फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ वरून झडप घालून पकडणे. सैन्य बेसावध असताना गाठावे तसा. म्हणून यात मुख्य गोष्ट आहे बेसावधपणा, अपेक्षाभंग. तो अपेक्षाभंग लहान असो की मोठा. ‘ॲस्टॉनिश’ याच्या मुळाशी लॅटिनमधला मेघगर्जनेचा शब्द आहे. डोक्यावर वीज कडाडली की माणूस जसा सुन्न होतो, ते ॲस्टॉनिशमेंट. तेव्हा एस.टी. पाच मिनिटे लवकर आली म्हणून ‘ॲस्टॉनिशिंगली’ लिहू नये. ‘अमेझ’ हा जुना इंग्रजी शब्द, आणि ‘मेझ’ म्हणजे भूलभुलैया हा त्याच्याच घरचा. ज्या आश्चर्यात माणसाला वाट सापडत नाही ते हे. ‘इनक्रेडिबली’ म्हणजे विश्वास बसत नाही इतके. ‘स्ट्रेंज’ म्हणजे मुळात बाहेरचा, परका; म्हणून ‘स्ट्रेंजली’ मध्ये थोडी अस्वस्थता असते. ‘ऑड’ म्हणजे विषम, जोडीत न बसणारा. चार गोष्टी जुळल्या आणि पाचवी जुळेना, की ‘ऑडली’. ‘क्युरियसली’ मध्ये कुतूहल आहे, चौकशी करावीशी वाटते. समजा, गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या आणि एकच भरलेली राहिली. घाबरलेला माणूस ‘स्ट्रेंजली’ म्हणेल, हिशेबी माणूस ‘ऑडली’ म्हणेल आणि भूगोलाचा शिक्षक ‘क्युरियसली’ म्हणून त्या विहिरीकडे चालू लागेल.

‘सडनली’ आणि ‘अनएक्स्पेक्टेडली’ यांचा घोटाळा आपल्या ‘अचानक’ या शब्दामुळे होतो, कारण ‘अचानक’ दोघांचे काम करतो. ‘सडनली’ वेगाबद्दल बोलतो, ‘अनएक्स्पेक्टेडली’ अपेक्षेबद्दल. दिवे एकदम गेले, ‘सडनली’. मामा कळवल्याशिवाय मुंबईहून आले, ‘अनएक्स्पेक्टेडली’. ते काही झपाट्याने आले नाहीत, बोटीने म्हणा, गाडीने म्हणा, सावकाशच आले. या ‘एकदम’ शब्दाची गंमत अशी की तो फारसीतून आलेला आहे, ‘यक दम’ म्हणजे एक श्वास. ‘सडनली’ला इतका नेमका प्रतिशब्द आपल्याकडे असताना मुले ‘अचानक’च का घेतात, न कळे.

आणि इथे आपल्या मुलांची एक खास अडचण सांगितली पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एक भाषा, गल्लीत दुसरी आणि शाळेत तिसरी असते. ही संपत्ती आहे, अडचण फक्त एवढीच की एकच शब्द दोन घरांत दोन अर्थांनी नांदतो. उर्दूत ‘मैं हैरान रह गया’ म्हणजे मी चकित झालो. मराठीत ‘मी हैराण झालो’ म्हणजे मी त्रासून गेलो. आता हाच मुलगा इंग्रजीत काय लिहील? ‘सरप्राइज्ड’ की ‘टायर्ड’? आधी त्याला ठरवावे लागेल की तो कोणत्या भाषेत हैराण झाला आहे. ‘अजब’ आणि ‘तअज्जुब’ हे अरबीतल्या एकाच धातूचे शब्द, त्यातला ‘अजब’ मराठीने केव्हाच आपला करून घेतला. ‘गजब’चा मूळ अरबी अर्थ क्रोध, आणि आज ‘गजबची खेळी’ म्हणून क्रिकेटपटूची स्तुती होते. मराठीतला ‘चमत्कारिक’ तर आणखी फसवा. ‘चमत्कार’ म्हणजे ‘मिरॅकल’ हे बरोबर. पण ‘आमचे शेजारी जरा चमत्कारिक आहेत’ याचे भाषांतर ‘मिरॅक्युलस’ केले तर शेजाऱ्यांना आपण थेट वलीच्या पंक्तीत नेऊन बसवले. तिथे ‘ऑड’ किंवा ‘स्ट्रेंज’ पाहिजे. ‘मिरॅक्युलसली’ हा शब्द इंग्रजी वर्तमानपत्रे अपघाताच्या बातमीत राखून ठेवतात: गाडी दरीत गेली, ‘मिरॅक्युलसली’ कोणाला इजा झाली नाही.

शब्द वापरून झिजतात, नाणे झिजते तसे. ‘ऑफुली’ हा एकेकाळी धाक आणि दरारा सांगणारा शब्द. आता ‘ऑफुली नाइस ऑफ यू’ म्हणजे नुसते ‘फार बरे केलेत’. ‘टेरिबली’चे तेच झाले. इंग्रजांना हसण्याचे कारण नाही. आपणही ‘भयंकर आवडले’ म्हणतोच, आणि ‘जबरदस्त’ हा शब्द, ज्यात मूळ अर्थ वरचढ हाताचा, जुलमाचा आहे, तो आपण बिर्याणीला लावतो. अलीकडे ‘अमेझिंगली’ आणि ‘इनक्रेडिबली’ या दोघांची झीज फार वेगाने चालली आहे. जाहिरातीत प्रत्येक साबण ‘अमेझिंगली’ स्वच्छ धुतो. ज्याला परीक्षेत किंवा अर्जात नेमके लिहायचे आहे त्याने हे दोन शब्द काही काळ कपाटात ठेवलेले बरे.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला तिथे येतो. माझा एक जुना विद्यार्थी मुंबईला एका कचेरीत मुलाखतीला गेला होता. मुलाखत चांगली झाली. शेवटी एक अधिकारी हसून म्हणाले, ‘युवर इंग्लिश इज सरप्राइझिंगली गुड.’ मुलगा ‘थँक यू, सर’ म्हणून बाहेर आला. नोकरीही मिळाली. पण गावी आल्यावर त्याने मला विचारले, सर, ही स्तुती होती की अपमान? मी त्याला म्हटले, वाक्याचे दोन तुकडे कर. ‘गुड’ हा शब्द तुझ्याबद्दल आहे आणि ‘सरप्राइझिंगली’ हा त्यांच्याबद्दल. तुझे नाव, तुझे गाव, तुझी शाळा अर्जावर वाचून त्यांनी मनात एक अपेक्षा बांधली होती. ती खोटी ठरली, एवढेच त्यांनी सांगितले. कदाचित मनात काही वाईट नसेलही. पण ‘युवर इंग्लिश इज गुड’ एवढ्यावर ते थांबले असते तर तुला मला विचारावे लागले नसते.

आश्चर्याचे क्रियाविशेषण ज्याच्याबद्दल उच्चारले जाते त्याच्यापेक्षा उच्चारणाऱ्याची माहिती अधिक देते. ‘ही इज सरप्राइझिंगली ऑनेस्ट’ असे शिफारसपत्रात कोणी लिहिले तर ती शिफारस नव्हे, कारण त्यात गृहीत आहे की हा माणूस लबाड असेल असे वाटले होते.

याचे एक उदाहरण इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासातच आहे, आणि ते सगळे प्रसंग कागदोपत्री आहेत. 1761 साली पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेली सातआठ वर्षांची एक मुलगी अमेरिकेत बॉस्टन शहरी गुलाम म्हणून विकली गेली. ज्या जहाजातून आली त्याचे नाव ‘फिलिस’, विकत घेणाऱ्या कुटुंबाचे आडनाव व्हीटली, म्हणून तिचे नाव झाले फिलिस व्हीटली. स्वतःचे नावसुद्धा तिच्यापाशी राहिले नाही. त्या घरात ती इंग्रजी शिकली, मग लॅटिन शिकली, आणि कविता लिहू लागली. 1773 साली तिचा कवितासंग्रह लंडनमध्ये छापला गेला. त्या पुस्तकाच्या सुरुवातीला एक निवेदन आहे. त्याखाली बॉस्टनच्या 18 प्रतिष्ठित गृहस्थांची नावे आहेत. त्यांत गव्हर्नर टॉमस हचिन्सन आहेत, आणि पुढे 1776 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांची सही ठळकपणे झळकली ते जॉन हॅनकॉकही आहेत. निवेदन कशाचे? तर या कविता खरोखर याच मुलीने लिहिल्या आहेत, याची ग्वाही.

विचार करा. इंग्लंडमधल्या कोणत्या तरुण कवीला पुस्तकाबरोबर अठरा साक्षीदार छापावे लागत होते? कविता तपासायच्या तर त्या समोर होत्याच. ते निवेदन कवितांबद्दल काहीच सांगत नाही. वाचणाऱ्यांनी काय गृहीत धरले असेल ते मात्र सांगते. अठरा सह्यांचे ते एक लांबलचक ‘सरप्राइझिंगली’ आहे. पुस्तक निघाल्यानंतर थोड्याच काळात तिची गुलामगिरीतून सुटका झाली. 1784 साली ती अगदी तरुण वयात, हलाखीत वारली. तिचे पुस्तक आजही छापले जाते, आणि ते निवेदनही त्याच्याबरोबर छापले जाते. त्यातल्या बहुतेक गृहस्थांचे नाव आज आपण घेतो ते एवढ्याचसाठी.

आता हे ऐकून पालकांनी नुसती मान डोलावू नये. कारण हा शब्द आपल्याही घरात आहे. त्याचे मराठी रूप फार लहान आहे, ‘सुद्धा’. ‘मुलगी असूनसुद्धा गणितात पहिली आली.’ इंग्रजीत ‘ईव्हन’. ‘ईव्हन द गर्ल्स पास्ड.’ दोन अक्षरांचा शब्द, पण त्यात अख्खे गृहीत भरलेले असते, आणि ज्या मुलीबद्दल आपण कौतुकाने हे म्हणतो तिला ते बरोबर कळते. दुसरा शब्द ‘चक्क’. ‘त्याने चक्क फर्स्ट क्लास काढला!’ याला इंग्रजीत ‘ही ॲक्च्युअली गॉट अ फर्स्ट क्लास’. ऐकणारे हसतात, मुलगाही हसतो. पण आपल्या बापाला हे खरे वाटले नव्हते, हे त्याच्या ध्यानात राहते. मी घरातले बोलणे व्याकरणाच्या तराजूत घालू इच्छित नाही. चेष्टा कुठे करायची नाही मग? फक्त प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिणाऱ्या शिक्षकांनी आणि मुलांसमोर पाहुण्यांशी बोलणाऱ्या आईबापांनी हे दोन शब्द जरा जपून वापरावेत.

मग कोणाची स्तुती करायची असेल तर कोणता शब्द घ्यावा? ‘रिमार्केबली’. याचा अर्थ नोंद घ्यावी इतके. ‘रिमार्केबली गुड’ मध्ये दर्जा सांगितला जातो, अपेक्षाभंग सांगितला जात नाही. ‘एक्सेप्शनली’ तसाच. मराठीत ‘कमालीचे’ हा शब्द हेच काम करतो, आणि ‘कमाल’ म्हणजे अरबीत पूर्णता. आणि आश्चर्य आपल्याला खरोखरच वाटले असेल तर इंग्रजीत त्याची प्रामाणिक वाट आहे: ‘टू माय सरप्राइज’. माझ्या आश्चर्याला पारावार राहिला नाही, असे आपणही म्हणतो; त्यात ‘माझ्या’ हा शब्द आहे. ‘सरप्राइझिंगली’ मध्ये आश्चर्य कोणाचे ते लपते, जणू काही साऱ्या जगालाच ते वाटले पाहिजे. ‘टू माय सरप्राइज’ मध्ये बोलणारा आपले आश्चर्य आपल्या नावावर घेतो. माणसांबद्दल लिहिताना मी मुलांना हाच प्रयोग शिकवतो.

म्हणजे ‘सरप्राइझिंगली’ वाईट शब्द आहे असे नव्हे. तो जिथे शोभतो ती जागा शास्त्रविषयाच्या निबंधात आहे. तिथे आधी अपेक्षा सांगता येते आणि मग घडलेली गोष्ट. बहुतेक द्रव पदार्थ गोठताना आकसतात. पाणी, ‘सरप्राइझिंगली’, गोठताना प्रसरण पावते, म्हणून बर्फ पाण्यावर तरंगते. ग्रहाचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा लहान असणार असे आपण धरून चालतो. शुक्राला स्वतःभोवती एकदा फिरायला पृथ्वीवरचे सुमारे 243 दिवस लागतात आणि सूर्याभोवती फिरायला सुमारे 225. ‘सरप्राइझिंगली’, असे बेधडक लिहा. इथे अपेक्षा उघड मांडलेली आहे, ती का बांधली हे सांगता येते, आणि शुक्राला राग येत नाही.

याचे उलटे रूपही शिकून घ्या. ‘नॉट सरप्राइझिंगली’ किंवा ‘अनसरप्राइझिंगली’, म्हणजे यात नवल ते काय. याला मात्र आधी कारण लागते. ‘मे महिन्यात वाडीची विहीर उपसली. नॉट सरप्राइझिंगली, पावसाळ्यात पाणी स्वच्छ राहिले.’ हे ठीक. कारण न देता नुसतेच ‘अनसरप्राइझिंगली, ही फेल्ड’ असा शेरा मी एका प्रगतिपुस्तकावर वाचलेला आहे. त्या मुलाचे वर्षभरातले काय बिघडले ते शेऱ्यात कुठेच नव्हते. अशा शेऱ्याचे मराठी भाषांतर करून पालकांनी शिक्षकांना विचारावे, नवल का नाही?

आज सांगितलेल्या शब्दांची यादी मी मुख्याध्यापकांकडे दिली आहे. ती दहावीच्या वर्गात फळ्यावर लावली जाईल. यादीत बरोबरचे चिन्ह कुठेही नाही. प्रत्येक शब्दासमोर जागा मोकळी ठेवली आहे, तिथे आपल्या घरातले, गावातले एकेक वाक्य लिहायचे. वाक्य माणसाबद्दल असेल तर वहीच्या समासात ‘कोणाचे आश्चर्य?’ असे लिहून त्याचे उत्तरही द्यायचे. वह्या मी पुढच्या महिन्यात येऊन स्वतः पाहणार आहे.